जिन्याजवळचा खांब

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, जंगलातल्या चकमकींनंतरचे पंचनामेही केले. पण निवृत्तीनंतर कोणी 'साहेब, तुमची एखादी केस सांगा' म्हटलं, की माझ्या डोळ्यांसमोर उभी राहते ती एक पडलेली इमारत. त्या केसमध्ये एकही माणूस दगावला नाही. कदाचित म्हणूनच ती सांगावीशी वाटते. नावं मी कोणाचीच लिहिणार नाही. त्यातले बहुतेक जण आजही त्याच भागात राहतात आणि एकमेकांच्या लग्नकार्याला जातात.

तेव्हा मी नागभीड-आरमोरी पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी ठाणेदार होतो. आमच्या ठाण्याचं काम ठरलेलं. मोहाच्या दारूच्या धाडी, सागवान चोरीत वनखात्याला मदत, शेतातले मोटारपंप चोरीला गेले की त्यांचा शोध, आणि वाघानं गावाजवळ जनावर मारलं की जमाव आवरणं. घराची तक्रार म्हणजे आमच्याकडे धुऱ्याची, म्हणजे बांधाची, तक्रार. शेजाऱ्यानं हातभर जागा दाबली, एवढंच. फ्लॅट हा प्रकार गावाला नवा होता. बसस्टँडच्या मागे एका स्थानिक बिल्डरनं पहिली मोठी इमारत उभी केली, तेव्हा लोक रविवारी ती बघायला जात. खाली पार्किंग आणि रस्त्याच्या बाजूनं दुकानं, वर मजले. मुलांच्या शाळेसाठी खेड्यातून आलेले शिक्षक, वनरक्षक, ग्रामसेवक अशा नोकरदारांनी तिथे घरं घेतली होती.

धान निसवून पिवळा पडायला लागला होता, त्या दिवसांतली गोष्ट. सकाळी मी हजेरी घेऊन बसलो होतो. बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळ एका बाईचा आवाज चढला. अंमलदार तिला समजावत होता, "बाई, हे दिवानी प्रकरण हाये. वकील पाहा."

मी तिला आत बोलावलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होती. कोरचीकडच्या जंगलातल्या गावची, गोंड समाजातली. घरात शिकून नोकरीला लागलेली पहिलीच. वडिलांना गावाहून आणून तिनं दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं होतं. दोन वर्षंही झाली नव्हती.

"साहेब, दार लागत नाई," ती म्हणाली. "पहिले एक लागत नव्हतं. आता तीन दारं लागत नाईत. भिंतीले चिरा गेल्या. बिल्डरचा मानूस येते, पुट्टी भरते आन जाते. आठ दिवसांत चीर पुन्हा दिसते. नगर पंचायतीत गेली तं म्हनतेत बिल्डरकडे जा. बिल्डर म्हनते कोर्टात जा. मी कुठी कुठी जाऊ?"

"आणखी काही?"

"आवाज येते. दुपारी सामसूम असली का जिन्याकडून वाळलं लाकूड मोडल्यावानी आवाज येते. माहा बाप म्हनते, हे घर कन्हून राह्यलं."

मी हवालदाराला तिच्याबरोबर पाठवलं. तो तासाभरात परत आला. चिरा आहेत म्हणाला, पण चिरा कोणत्या घराला नसतात? मी तिचा अर्ज ठेवून घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि दुसऱ्या कामाला लागलो.

जेवून परत आलो, तोच ठाण्याचा फोन वाजला. योगायोगानं तो मीच उचलला.

पलीकडे पुरुषाचा आवाज होता. दबका, पण घाबरलेला. "बसस्टँडमागच्या बिल्डिंगमधला जिन्याजवळचा खांब पाहा. टाइल्स काढून पाहा. आन लोकाईले बाहेर काढा साहेब."

"कोण बोलताय?"

"ते जाऊ द्या. आजच काढा."

फोन बंद झाला. खबरीचे फोन मी पुष्कळ घेतले होते. खोटा फोन करणारा लांबण लावतो. कोणाचं तरी नाव घेतो, दोन शिव्या घालतो, जुना राग काढतो. या माणसानं कोणाचंच नाव घेतलं नव्हतं. त्यानं फक्त एक खांब सांगितला होता. सकाळची नर्सबाई आणि दुपारचा हा फोन, दोघंही जिन्याकडेच बोट दाखवत होते. मी गाडी काढायला सांगितली.

पार्किंगमध्ये जिन्याला लागून एक जाडजूड खांब होता. बाकीचे सगळे खांब साध्या रंगाचे, याला मात्र खालपासून वरपर्यंत चकचकीत टाइल्स. पाहणाऱ्याला वाटावं, शोभेसाठी केलंय. जवळ गेलो तर दोन टाइल्स फुगून बाहेर आल्या होत्या आणि खाली ताजा भुगा पडला होता. काठीनं ठोकलं, तर आवाज पोकळ आला.

मी इंजिनीयर नाही. पण आपल्याला जे कळत नाही ते ज्याला कळतं त्याला ताबडतोब बोलावणं, हेही पोलिसाचं कामच आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाचे उपअभियंता जवळच एका पुलाच्या कामावर होते. ते आले. त्यांनी चार टाइल्स काढायला लावल्या, बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं आणि माझा दंड धरून मला बाहेर रस्त्यावर आणलं.

"ठाणेदार साहेब, लाइट बंद करायला सांगा आणि माणसं काढा. चर्चा नंतर."

तहसीलदारांना आणि नगर पंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांना फोन केले. लेखी आदेश मागाहून येतील, माणसं आधी काढा, असं दोघांनीही सांगितलं. आणि आम्ही कामाला लागलो.

माणसाला स्वतःच्या घरातून बाहेर काढणं फार अवघड. चोराला लॉकअपमध्ये घालणं त्यापेक्षा सोपं. कोणाचा गॅसवर भात होता, कोणाचं मूल झोपलं होतं. एक निवृत्त गुरुजी दारात खुर्ची टाकून बसले. "मी रीतसर घर घेतलंय. वॉरंट दाखवा," म्हणाले. त्यांच्या बायकोनंच त्यांना उठवलं. "वॉरंट पाहाले जिते राहा पहिले," ती म्हणाली आणि त्यांचा चष्मा व औषधं पिशवीत टाकून पुढे झाली.

तिसऱ्या मजल्यावर एक बाळंतीण होती. सासू दारात आडवी. "ओली बाळंतीन हाये. वारं लागन. मी नाई हलू देत."

नर्सबाई जिना चढून वर आली. सासूचा हात हातात घेऊन म्हणाली, "मावशी, बाळंतपन मीच केलं ना? मग आता बी माहं ऐका. कान बांधून नेऊ. वाऱ्याचं औषध माह्याजवळ हाये, छत पडलं तं त्याचं नाई." दोन शिपायांनी बाळंतिणीला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. बाळ नर्सबाईच्या पदराखाली होतं.

नर्सबाईचे वडील सगळ्यांत शेवटी उतरले. वाळलेले, ताठ. मला जोहार घातला. "साहेब, आमच्या गावी कुडाचं घर. वाळवी लागली का दिसते, वासा वाकला का दिसते. इथी सारं झाकून ठेवलं. मानसाले कसं समजन?"

तोवर बिल्डर आला. मागे त्याचे दोन-चार पंटर. गावात वजनदार माणूस, देवळाच्या जीर्णोद्धारात पुढे असणारा. "साहेब, काहून माझी बदनामी करून राह्यले? टाइल्स निघाल्या म्हणून कोणी बिल्डिंग रिकामी करते का? उद्या माझ्या दुसऱ्या साइटवर गिऱ्हाईक येईल का?"

"उद्याचं उद्या पाहू," मी म्हणालो. "आज तुम्ही या फाटकाच्या आत पाय टाकायचा नाही. कोणीच टाकायचा नाही."

लोकांची सोय एका मंगल कार्यालयात केली. संध्याकाळपर्यंत इमारत जागची हलली नव्हती, आणि ती उभी आहे म्हणून लोक माझ्यावर चिडले. पाण्याची बोंब, पोरांची रडारड. एका बाईनं तोंडावर सांगितलं, "बिल्डिंग तं हाये तशीच उभी हाये साहेब. आमालेच बेघर केलं तुम्ही." मी ऐकून घेतलं. माझं चुकलं असेल तर उद्या माफी मागीन, असं मनाशी म्हटलं. त्या संध्याकाळी मला खरोखरच वाटत होतं की माझं चुकलेलं असावं, आणि इमारत तशीच उभी राहावी.

सकाळी चहाच्या वेळी ती पडली.

मी ठाण्याच्या आवारात होतो. आधी गडगडाट झाला, मग जमिनीतून हादरा आला आणि बसस्टँडच्या बाजूला धुळीचा लोट उठला. आम्ही पोचलो तेव्हा जिन्याकडचा अर्धा भाग खाली बसला होता. वरचे मजले एकावर एक. उरलेला अर्धा भाग उघडा पडला होता. भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं, दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसत होते. फाटकावर रात्रभर बसवलेले दोघं शिपाई धुळीनं पांढरे होऊन रस्त्यापलीकडे उभे होते. त्यांच्या खांद्यांवर हात ठेवला तेव्हा कुठे मला हायसं वाटलं.

पण ते फार वेळ टिकलं नाही. मंगल कार्यालयात माणसं मोजायला हवालदाराला पाठवलं होतं. तो धावत आला. "साहेब, सारे हायेत. नर्सबाईचा बाप नाई."

त्याच्या मागोमाग नर्सबाई आली, अनवाणी. "बाबा पहाटेच उठले होते. मले वाटलं बाहेर बसले असतीन." ती ढिगाऱ्याकडे बघत होती. "देव घरातच राह्यले म्हनत होते कालपासून. ते आनाले गेले असतीन साहेब."

शिपाई शपथेवर सांगत होते की फाटकातून कोणी आत गेलं नाही. पण मागच्या बाजूला कुंपण नव्हतं, धानाची बांधी, म्हणजे मोकळं शेत होतं. आम्ही ढिगाऱ्याला हात घातला. गावातली पोरं आली, जेसीबी आला, उपअभियंत्यांनी जेसीबी थांबवून हातानंच दगड काढायला लावले. मधूनमधून सगळ्यांना गप्प करायचं आणि कान लावायचा. काही ऐकू यायचं नाही. नर्सबाई एकटीच हाका मारत होती, गोंडीत, आणि दर हाकेनंतर स्वतःच बोट ओठांवर ठेवून ऐकत होती. त्या हाका मी विसरलेलो नाही.

असा बराच वेळ गेला आणि तिच्या हातातला मोबाइल वाजला. तिच्या गावचा पोलीस पाटील होता. तिनं फोन कानाला लावला, काहीतरी ऐकलं आणि फोन माझ्यापुढे धरला. फोन मी घेतला आणि ओळख सांगितली.

"साहेब, काय झालं तिकडे? टीव्हीवर दाखवून राह्यले. म्हातारा तं इथी हाये. पहिल्या गाडीनं आला. बांधीवर बसून बिडी फुकून राह्यला."

"फोन द्या त्याला."

जरा वेळानं म्हाताऱ्याचा शांत आवाज आला. "त्या कार्यालयात गलबला लय होता साहेब. झोप नाई आली. म्हटलं धान पाहून येतो. पोरगी झोपून होती, म्हून नाई उठवलं."

मी फोन नर्सबाईकडे दिला. तिनं बापाला गोंडीत आणि मराठीत, दोन्ही भाषांत शिव्या दिल्या, मग रडली, मग हसली, आणि मग पुन्हा शिव्या दिल्या. ढिगाऱ्यावरची पोरं टाळ्या वाजवायला लागली. आमचा हवालदार, ज्यानं आदल्या दिवशी 'चिरा कोणत्या घराला नसतात' म्हटलं होतं, तो कडेला जाऊन तोंड धूत होता. पुष्कळ वेळ धूत होता. आदल्या संध्याकाळी मला बोलणारी बाई आली आणि माझ्या हातात पाण्याची बाटली देऊन गेली.

आता गुन्हा. तिथे वेगळीच अडचण उभी राहिली.

"मेलं कोणी?" वरिष्ठांनी फोनवर विचारलं.

"नाही सर."

"जखमी?"

"एका शिपायाला खरचटलंय."

"मग आपला काय संबंध? घर घेणारे आणि बिल्डर बघून घेतील."

हा प्रश्न त्यांचा एकट्याचा नव्हता. त्या वेळच्या दंडविधानात इमारत पाडताना किंवा दुरुस्त करताना केलेल्या हलगर्जीपणाचं कलम होतं, पण बांधताना केलेल्या हलगर्जीपणाचा त्यात उल्लेख नव्हता. नव्या संहितेत तो आला आहे. मी वरिष्ठांना एवढंच सांगितलं, "सर, माणसं मेली नाहीत, कारण आपण काढली. त्यात बिल्डरचं काही श्रेय नाही." ते म्हणाले, "लिहा." नर्सबाईची फिर्याद घेतली. जीवित धोक्यात आणणं आणि फसवणूक, या कलमांखाली गुन्हा नोंदवला.

बिल्डर तयारीनं आला. त्याचं म्हणणं दोन वाक्यांचं होतं. एक, ताबा दिला तेव्हा इमारत उत्तम होती आणि ताबा दिल्यावर माझी जबाबदारी संपली. दुसरं, खालच्या किराणा दुकानदारानं दुकान वाढवायला मधली भिंत पाडली, म्हणून इमारत पडली. त्यानं दुकानदाराविरुद्ध उलटा अर्जच दिला.

भिंत पाडली होती हे खरं होतं. आणि गावाला हे उत्तर आवडलं, कारण ते सोपं होतं. दोन दिवसांत त्या दुकानदाराशी लोक बोलेनासे झाले. ज्यांची घरं गेली त्यांच्यातलेच काही त्याच्या अंगावर धावून गेले. तो ठाण्यात येऊन बसला. घरी जायला तयार नव्हता.

"साहेब, भिंत मीच पाडली. मिस्त्रीनं म्हटलं काई होत नाई. मले काय मालूम सारी बिल्डिंग तिच्यावर उभी हाये? मले आत टाका. निदान लोकाईचं तोंड तं दिसनार नाई."

अपराधी वाटणं आणि अपराधी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरीत मी पाहिलं आहे, की खरा गुन्हेगार सहसा इतक्या लवकर 'मला आत टाका' म्हणत नाही. मी त्याला चहा दिला आणि भिंतीचा प्रश्न उपअभियंत्यांना लेखी विचारला. त्यांचं उत्तर स्पष्ट होतं. ती नुसती आडोशाची भिंत, तिच्यावर कसलाही भार नव्हता. भार खांबावर होता. दुकानदाराला ते वाचून दाखवलं तर त्यानं पुन्हा वाचायला लावलं, मग बाहेर जाऊन बायकोला फोन केला.

खांबाचे तुकडे आम्ही पंचांसमक्ष वेगळे काढले. त्यातला एक तुकडा पंचांनी वाकून पाहिला. सिमेंट-काँक्रीटच्या जागी आत नुसती सुटी खडी, आणि खडीच्या पोकळीत कोंबलेली सिमेंटची रिकामी पोती, विटांचे तुकडे. वरून प्लास्टर, त्यावर टाइल्स. मुद्देमाल सील करून तपासणीला पाठवला. शिवाय मंजूर नकाशात नसलेला एक मजला वर चढवलेला होता.

यावरही बिल्डरकडे उत्तर होतं. "मी पैसा लावणारा माणूस साहेब. काम लेबर ठेकेदारानं केलं. खांबात त्यानं काय भरलं, मले स्वप्न पडते का?" ठेकेदार परप्रांतातला, काम संपवून गेलेला. केस इथेच अडकली. खांब वाईट होता हे सिद्ध होत होतं. तो वाईट आहे हे कोणाला माहीत होतं, ते सिद्ध होत नव्हतं. हलगर्जीपणा आणि फसवणूक यांच्यामध्ये हीच एक रेषा असते.

मग आम्ही फोन करणाऱ्याकडे वळलो. नंबर सिंदेवाहीच्या एका पानठेल्यावाल्याचा निघाला. त्यानं सांगितलं, "माहा फोन एकानं मागतला होता. त्याचा बंद पडला म्हने. रोडच्या कामावरचा सुपरवायझर हाये तो. पहिले तुमच्या गावी बिल्डिंगवर होता."

तो माणूस डिप्लोमा झालेला, तरुण. बांधकाम चालू असताना त्या इमारतीवर साइट इंजिनीयर होता. कामावर गेलो तर सुट्टीवर. आरमोरीला बहिणीकडे गेल्याचं कळलं.

आम्ही साध्या कपड्यांत गेलो. घर गावाच्या टोकाला, भाड्याचं. तो ओसरीत बसला होता. आम्हाला पाहिलं आणि ओळखलं, पण उठला नाही. आवाज मी पहिल्याच वाक्याला ओळखला. मात्र फोन केल्याचं त्यानं साफ नाकारलं. इमारतीचं काम? चांगलं होतं. खांब? सगळे खांब सारखे. प्रत्येक उत्तर पाठ केल्यासारखं.

त्याची मोठी बहीण चहा घेऊन आली. सरळ स्वभावाची बाई. आम्ही कशासाठी आलो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. बिल्डिंगचं नाव ऐकताच ती कपबशा ठेवून तिथेच उभी राहिली.

"तीच का पडली ती? अगा माय. साहेब, आमाले तिथीच घर घ्याचं होतं. ह्यांची बदली तिथी होनार होती. टोकन द्याले निघालो होतो आमी. ह्यानंच अडवलं." तिनं भावाकडे बोट दाखवलं. "म्हने, घेऊ नको बाई. काऊन म्हटलं तं सांगे नाई. लय भांडलो आमी. मले वाटलं ह्याले माहं बरं पाहावत नाई. दोन राख्या नाई बांधल्या मी ह्याले. तो आता इतक्या दिवसांनी आला, आन आल्यापासून जेवत नाई धड."

बहीण आमच्याकडे बघत होती, मग भावाकडे. तिच्या लक्षात यायला लागलं होतं.

चौकशीत माणसाला धाक दाखवावा लागतो असं लोकांना वाटतं. बहुतेक वेळा एक योग्य प्रश्न पुरतो, आणि तो विचारल्यावर आपण गप्प बसायचं असतं. मी त्याच्याच बोलीत विचारलं, "बहिणीले सांगतलं. मग त्या नर्सबाईले काऊन नाई सांगतलं?"

त्यानं आधी मान खाली घातली. मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बहीण खाली बसली, त्याच्या अगदी जवळ, पण तिनं त्याला हात लावला नाही.

"बोल," ती म्हणाली. "माह्यासमोर बोल."

तो बोलला. खांबाचा साचा काढला तेव्हाच खडी उघडी दिसत होती, बोट जाईल एवढ्या भेगा. त्यानं बिल्डरला बोलावून दाखवलं होतं आणि खांब तोडून पुन्हा भरावा लागेल असं सांगितलं होतं. बिल्डर म्हणाला होता, भरून घे आणि वरून टाइल्स लाव, दिसणार नाही. नंतर वर जास्तीचा मजला चढला तेव्हा त्यानं पुन्हा सांगितलं. बिल्डरनं उत्तर दिलं होतं, नोकरी करायची असेल तर कर. त्यानं नोकरी सोडली, पण तोंड उघडलं नाही. पुढे, फोनच्याच दिवशी, बसस्टँडवर बस बदलताना तो मागच्या पार्किंगमध्ये डोकावला आणि टाइल्सचा फुगवटा त्याला दिसला. सिंदेवाहीला उतरताच तो पानठेल्यावर गेला. स्वतःच्या फोनवरून करायची हिंमत झाली नाही.

"लोकं निघाले का नाई, हे त्या दिवशी विचाराले बी भेव वाटलं साहेब. बिल्डिंग पडली तवा टीव्हीवर पाह्यलं. एक म्हातारा सापडत नाई म्हने. मग सापडला म्हने." एवढं सांगून तो रडायला लागला.

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. म्हणून त्याला दंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं आणि तिथे त्यानं तेच सांगितलं. त्यानं नावं दिलेले दोघं मिस्त्री पवनीकडे सापडले. बिल्डरनं खांबासमोर उभं राहून काय हुकूम दिला, ते त्यांनीही सांगितलं. त्याच्या बहिणीचा जबाब मी स्वतः लिहून घेतला. सही करताना ती म्हणाली, "ह्या सहीनं माह्या भावाले सजा होईन का?" मी खोटं बोललो नाही. "होऊ शकते," म्हणालो. तिनं सही केली.

बिल्डरला अटक केली. पोलीस कोठडीत पहिल्या दिवशी तो तेच बोलत राहिला. ताबा दिला, जबाबदारी संपली. मी त्याला कायदा वाचून दाखवला. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत इमारतीच्या सांगाड्यात दोष निघाला, तर तो बांधणाऱ्यानंच स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो. घर घेणाऱ्याच्या हातात किल्ली दिली म्हणजे खांब त्याचा होत नाही. मग त्याच्यासमोर तो खांबाचा तुकडा ठेवला, पोत्यासकट, आणि साइट इंजिनीयरचा जबाब ठेवला. त्यानं जबाब वाचला नाही. तुकड्याकडे बघत बसला. मग विचारलं, "सारे वाचले ना पण?"

"वाचले," मी म्हणालो. "ते तुमच्या वकिलाच्या कामाला येईल. तुमच्या नाही."

खटला चालला. साइट इंजिनीयर माफीचा साक्षीदार झाला. रहिवाशांनी रेरा या घरखरेदीदारांच्या प्राधिकरणाकडेही दाद मागितली आणि निकाल त्यांच्या बाजूनं लागला. बिल्डरला शिक्षा झाली. वरच्या कोर्टात अपील आहे, पण त्याच जागेवर त्याला नवी इमारत बांधून द्यावी लागली, सरकारी अभियंत्यांच्या देखरेखीखाली. किराणा दुकानदाराला त्याचा गाळा परत मिळाला. सगळे जण परत राहायला गेले आहेत. नर्सबाईही आहे. म्हातारे बाबा मात्र गावीच राहतात, धान कापून झाला की महिनाभर लेकीकडे येतात.

साक्षीच्या दिवशी मी कोर्टाच्या आवारात होतो. साइट इंजिनीयर आणि त्याची बहीण झाडाखाली उभे होते. रहिवासी पायऱ्यांवर बसले होते. नर्सबाई उठून त्याच्याकडे चालत गेली, तेव्हा मी दोन पावलं पुढे झालो. काही अघटित घडू नये म्हणून.

"तुमी फोन केला, म्हून आमी जिते हावो," ती त्याला म्हणाली. "हे मी कधी नाई विसरनार. पन पहिल्या दिवशी सांगतलं असतं, तं आमचं घर बी वाचलं असतं. हे बी मी नाई विसरनार."

त्यानं हात जोडले. ती परत येऊन पायरीवर बसली. त्याच्या बहिणीनं पाण्याची बाटली उघडली आणि आधी त्याला दिली.

त्यानंतर मी बरीच वर्षं नोकरी केली. भेसळीच्या केसेस आल्या, ब्रेक नसलेली बस चालवणाऱ्यांच्या आल्या, मुदत संपलेली औषधं विकणाऱ्यांच्या आल्या. प्रत्येक ठिकाणी उत्तर तयारच असायचं. मी फक्त विकणारा, मी फक्त सही करणारा, मी फक्त मालकाचं ऐकणारा. जबाबदारी कोणाची, याचे कागद दोन्ही बाजूंचे वकील रंगवत बसतात, आणि ते आवश्यकही आहे. पण तपासाला सुरुवात करताना मी एकच प्रश्न विचारायला शिकलो. हे तुम्ही तुमच्या बहिणीला दिलं असतं का? याचं खोटं उत्तर देताना एकानंही डोळ्याला डोळा भिडवलेला मी आजवर पाहिला नाही.